दान, प्रशस्ती आणि राज्य : रामचंद्र यादवाच्या कारभाराची भाषा

नागपूरजवळच्या रामटेकावर, लक्ष्मणमंदिरात, रामचंद्र यादवाच्या काळातला एक झिजलेला संस्कृत शिलालेख आहे. प्रारंभी यादववंशाची स्तुती आणि पुढे रामगिरीच्या परिसरातील तीर्थांचे वर्णन, अशी त्याची रचना आहे. वंशवर्णन आणि क्षेत्रमाहात्म्य यांची ही जोडणी केवळ कविसंकेत मानून बाजूला सारता येत नाही. देवगिरीपासून दूरच्या या प्रदेशात राजसत्ता आपला परिचय तीर्थाच्या द्वारे करून देते. रामचंद्राच्या राज्यपद्धतीचा विचार याच ठिकाणाहून सुरू व्हायला हवा.

रामचंद्र 1271 मध्ये चुलतभाऊ आमण याला पदच्युत करून गादीवर आला. महादेवाच्या कारकिर्दीपासून श्रीकरणाधिप असलेला हेमाद्री त्याच्याही दरबारात राहिला. त्याच्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’त व्रत आणि दान यांना स्वतंत्र खंड आहेत. राज्याच्या लेखनव्यवहाराचा प्रमुखच व्रतदानांचा संग्राहक असावा, यावरून यादवांचे राज्य कर्मकांडात बुडाले आणि म्हणून 1296 मध्ये अलाउद्दीनापुढे कोसळले, असा निष्कर्ष वारंवार काढला गेला. तो सोपा आहे, परंतु परंपरेने राज्यकारभारात नेमके कोणते कार्य केले, हा प्रश्न त्यात विचारलाच जात नाही.

पंढरपूरचा शके 1195 ते 1199 मधील शिलालेख या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. विठ्ठलमंदिराला दिलेल्या देणग्यांची ही मराठी नोंद. तीत सामान्य दात्यांच्या बरोबरीने हेमाद्री आणि स्वतः रामचंद्र येतात. राजाच्या बिरुदावलीला ‘फडमुख्य’ हे पंढरीच्या भक्तमंडळातले पदही जोडले जाते. चक्रवर्ती येथे दात्यांच्या यादीतला एक दाता होतो, आणि त्यामुळेच लोकसमूहाचा प्रमुख ठरतो. शास्त्राने दानाला दिलेले मोल लोकभाषेच्या व्यवहारात उतरते, तेव्हा त्यातून राजाला मान्यता मिळते. प्रशस्ती संस्कृतात, देणग्यांची नोंद मराठीत, ही विभागणी म्हणून अर्थपूर्ण आहे.

काव्याशी असलेला राजाचा संबंधही याच व्यवहारात मोडतो. ‘रुक्मिणीस्वयंवर’ आपल्या नावावर करावे अशी इच्छा रामचंद्राने व्यक्त केली आणि नरेंद्र कवीने ती नाकारली, असे महानुभाव परंपरा सांगते. कथा घडली तशीच असेल असे नाही, पण तिच्यामागचे गृहीतक बोलके आहे. देणारा राजा बदल्यात कीर्ती मागतो, आणि ईश्वराला वाहिलेली वाणी राजाला विकता येत नाही. ज्या परंपरेने राजाला दाता म्हणून उभे केले, तिनेच त्याच्या दानाची मर्यादाही आखली.

या भाषेचे सामर्थ्य आणि तिचे अपुरेपण पुरुषोत्तमपुरीच्या ताम्रपटात एकत्र दिसतात. शके 1232 मधील, म्हणजे 1310 चा हा ताम्रपट मंत्री पुरुषोत्तम याला दिलेल्या अग्रहाराशी संबंधित आहे. त्यात रामचंद्राचे विजय सांगितले आहेत; पैकी वज्राकर आणि भाण्डागार ही स्थाने म्हणजे वैरागड आणि भंडारा, असे वा. वि. मिराशींनी दाखवून दिले. वाराणसीपर्यंतच्या पराक्रमाचाही त्यात दावा आहे. प्रत्यक्षात 1296 नंतर देवगिरी खंडणी देत होती. 1307 मध्ये मलिक काफूरने रामचंद्राला दिल्लीस नेले होते, आणि ‘रायरायान’ हा किताब घेऊन तो परतला होता. 1309 मध्ये वरंगळच्या स्वारीवर निघालेल्या दिल्लीच्या सैन्याला त्याने साहाय्य केले. ताम्रपटाच्या संस्कृताला यातले काहीच ठाऊक नाही.

याला निव्वळ असत्य म्हणणे अपुरे आहे. दानपत्राची संहिता सार्वभौम दाता गृहीत धरते; मांडलिकाचे दान लिहिण्याची सोय या प्रशस्तीत नव्हती. म्हणूनच अग्रहार देणे आणि मंदिरांना वर्षासने लावणे चालू राहू शकले आणि अंकित राजाचा कारभार गावपातळीवर अखंड भासला. मात्र दिल्लीशी जुळलेला नवा संबंध ज्या भाषेत उच्चारताच येत नव्हता, त्या भाषेत त्याचा विचार करणेही अवघड झाले असणार. रामचंद्राला परंपरेने दुर्बल केले, हे म्हणणे टिकत नाही. तिने त्याला राज्य करण्याची भाषा दिली. पराभवासाठी शब्द दिला नाही.