ना. धों. महानोर

नामदेव धोंडो महानोर (जन्म : पळसखेडे, १६ सप्टेंबर १९४२; मृत्यू : पुणे, ३ ऑगस्ट २०२३) हे मराठी कवी, गीतकार, लेखक आणि शेतकरी होते. 'रानातल्या कविता' (१९६७) या पहिल्याच संग्रहाने ते मराठी कवितेत ओळखले जाऊ लागले. 'जैत रे जैत' (१९७७) या चित्रपटातील गीतांमुळे त्यांचे शब्द कविता न वाचणाऱ्या घरांपर्यंतही पोहोचले. गीतकार म्हणून नाव झाल्यानंतरही ते मुंबई-पुण्यास स्थायिक झाले नाहीत. अजिंठ्याच्या पायथ्याशी असलेल्या आपल्या गावी त्यांनी आयुष्यभर शेती केली आणि त्यांची बहुतेक गीते याच शेतीच्या अनुभवातून आली. 'पानझड' या संग्रहास २००० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९९१ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले.

जन्मगाव आणि परिसर

पळसखेडे हे गाव छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यातील सोयगाव तालुक्यात आहे. प्रशासकीय दृष्ट्या हा भाग मराठवाड्यात मोडतो. मात्र सोयगाव तालुका अजिंठ्याच्या घाटाखाली, डोंगररांगेच्या उत्तरेस असल्याने येथील पाणी तापीच्या खोऱ्यात उतरते आणि बाजारहाट, शिक्षण व सोयरीक यांचे धागे जळगाव जिल्ह्याशी जुळलेले आहेत. १९४८ पर्यंत हैदराबादच्या निजामाचे राज्य आणि ब्रिटिशांचा पूर्व खानदेश जिल्हा यांची सीमा याच टापूतून जात होती. त्यामुळे येथील बोलीत खानदेशी, वऱ्हाडी आणि मराठवाडी वळणांबरोबरच उर्दू-फारसी शब्दांचीही सरमिसळ आढळते. महानोर यांच्या गीतांच्या भाषेचा पाया या सरमिसळीत आहे.

शिक्षण आणि शेती

महानोर यांचा जन्म शेतकरी कुटुंबात झाला. प्राथमिक शिक्षण पळसखेडे येथे आणि पुढील शालेय शिक्षण पिंपळगाव व शेंदुर्णी येथे झाले. महाविद्यालयीन शिक्षणासाठी ते जळगावला गेले; परंतु पहिल्या वर्षानंतर शिक्षण सोडून गावी परतले आणि शेती करू लागले. पुढील काळात साहित्य, चित्रपट आणि विधिमंडळ या तिन्ही क्षेत्रांत वावरत असतानाही शेती हाच त्यांचा मुख्य व्यवसाय राहिला. या प्रवासाचे कथन त्यांनी 'या शेताने लळा लाविला' या पुस्तकात केले आहे.

कविता

'रानातल्या कविता' मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने १९६७ मध्ये प्रसिद्ध केला. त्या काळी मराठी नवकवितेचा सूर प्रामुख्याने महानगरी जीवनातील एकाकीपणा आणि तुटलेपण यांचा होता. त्या वातावरणात पेरणी, पाऊस, ज्वारीची शेते, पाखरांचे थवे आणि शेतातल्या स्त्री-पुरुषांचे शृंगारभाव घेऊन आलेली ही कविता वेगळी ठरली. तिच्यातील निसर्ग दुरून न्याहाळलेला नाही. तो राबणाऱ्या माणसाने भोगलेला आहे.

'वही' (१९७०) या दुसऱ्या संग्रहाचे नाव लोकगीताच्या एका प्रकारावरून आले आहे. वही हा खानदेशात गटाने गायला जाणारा गीतप्रकार असून वहीगायनाची परंपरा जळगाव जिल्ह्यातील खेड्यांत आजही टिकून आहे. लोकगीताचे ताल आणि लावणीचा ठसका या संग्रहात एकत्र आले. 'पावसाळी कविता' (१९८२), 'अजिंठा' (१९८४), 'प्रार्थना दयाघना', 'पानझड' आणि 'तिची कहाणी' हे त्यांचे नंतरचे महत्त्वाचे संग्रह होत. आरंभीच्या कवितेतील हिरवे, भरलेले रान पुढे विरळ होत गेले. दुष्काळ, उजाड शिवार, स्त्रियांची दुःखे आणि आयुष्याच्या उत्तरार्धातील एकटेपण हे 'पानझड'नंतरच्या कवितेचे विषय बनले.

आपल्या परिसरातील लोकगीते त्यांनी 'पळसखेडची गाणी' या नावाने संकलित केली. जात्यावरच्या, शेतातल्या आणि सणासुदीच्या या गाण्यांचा परिचय त्यांच्या चित्रपटगीतांची जडणघडण समजून घेण्यास उपयुक्त आहे.

चित्रपटगीते

'जैत रे जैत'

गो. नी. दांडेकर यांच्या कादंबरीवर आधारलेल्या 'जैत रे जैत'चे दिग्दर्शन जब्बार पटेल यांनी, निर्मिती उषा मंगेशकर यांनी आणि संगीत हृदयनाथ मंगेशकर यांनी केले. कथा रायगड जिल्ह्यातील ठाकर समाजाची. डोंगरावरील राणीमाशीशी वैर धरणारा नाग्या मोहन आगाशे यांनी, तर चिंधीची भूमिका स्मिता पाटील यांनी केली. स्मिता पाटील यांचे घराणे धुळे जिल्ह्यातील शिरपूरचे. त्यामुळे कोकणातील या कथेत गीतकार आणि नायिका अशा दोघांचेही खानदेशाशी नाते होते.

चित्रपटाची कथा गीतांच्या आधाराने पुढे सरकते. डोंगर, मध, पाऊस, प्रेम आणि मृत्यू या टप्प्यांवर गीते संवादांचे काम करतात. ठाकरांची बोली महानोर यांची नव्हती. त्या बोलीची हुबेहूब नक्कल करण्याऐवजी त्यांनी रानाशी जोडलेली, लोकगीताच्या लयीची भाषा वापरली. आशा भोसले, लता मंगेशकर, रवींद्र साठे आणि चंद्रकांत काळे यांच्या आवाजांतील ही गीते चित्रपटापेक्षाही दूरवर पोहोचली. 'जांभूळपिकल्या झाडाखाली' हे गीत त्यांपैकी विशेष लोकप्रिय ठरले. चित्रपटास सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

'सर्जा'

राजदत्त दिग्दर्शित 'सर्जा' (१९८७) या शिवकालीन पार्श्वभूमीच्या चित्रपटासाठी महानोर आणि हृदयनाथ मंगेशकर पुन्हा एकत्र आले. या चित्रपटातील पावसाच्या गीतात आलेला 'आबादानी' हा शब्द महानोर यांच्या शब्दकळेचे चांगले उदाहरण आहे. समृद्धी, भरभराट या अर्थाचा हा फारसी वळणाचा शब्द असून चित्रपटगीतामुळे तो महाराष्ट्रभर परिचित झाला. 'सर्जा'सही सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

'एक होता विदूषक' आणि 'मुक्ता'

पु. ल. देशपांडे यांनी लिहिलेला आणि जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला 'एक होता विदूषक' (१९९२) तमाशातील एका सोंगाड्याच्या चढउतारांची कथा सांगतो. प्रमुख भूमिका लक्ष्मीकांत बेर्डे यांची होती. संगीतकार आनंद मोडक यांच्यासाठी महानोर यांनी येथे लावणी, गवळण आणि तमाशाच्या फडाला शोभतील अशी गीते लिहिली. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाच्या राष्ट्रीय पुरस्काराबरोबरच नृत्यदिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कारही लक्ष्मीबाई कोल्हापूरकर यांना या चित्रपटासाठी मिळाला. पटेल, मोडक आणि महानोर यांच्याच 'मुक्ता' (१९९४) या चित्रपटाचा विषय जातिभेद हा होता. त्यास राष्ट्रीय एकात्मतेवरील चित्रपटासाठीचा नर्गिस दत्त पुरस्कार देण्यात आला.

'दोघी'

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर दिग्दर्शित 'दोघी' (१९९५) ही दुष्काळी खेड्यातील दोन बहिणींची कथा आहे. घरातील कर्ता पुरुष हतबल झाल्यावर थोरल्या बहिणीला मुंबईस पाठवले जाते आणि तेथे तिच्या वाट्याला देहविक्रय येतो. आनंद मोडक यांनी संगीतबद्ध केलेल्या, कोरड्या भेगाळलेल्या जमिनीविषयीच्या महानोर यांच्या गीतासाठी गायिका अंजली मराठे यांना सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'सर्जा'तील पावसाने सुखावलेले रान आणि 'दोघी'तील तहानलेली भुई ही एकाच गीतकाराची दोन टोके होत. पाणी असणे आणि नसणे यांवर माणसाचे सुखदुःख कसे अवलंबून असते, हे दोन्हींत दिसते.

'अजिंठा'

अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी आलेला ब्रिटिश लष्करी अधिकारी रॉबर्ट गिल आणि स्थानिक युवती पारो यांच्या प्रेमकथेवर महानोर यांनी 'अजिंठा' हे दीर्घकाव्य लिहिले. पारोचे निधन १८५६ मध्ये झाले. तिची समाधी अजिंठा गावात आहे. गिल यांचा मृत्यू १८७९ मध्ये झाला आणि त्यांची कबर भुसावळ येथे आहे. या काव्यावर नितीन चंद्रकांत देसाई यांनी २०१२ मध्ये 'अजिंठा' हा चित्रपट दिग्दर्शित केला. त्याची गीते महानोर यांची आणि संगीत कौशल इनामदार यांचे होते. पारोची भूमिका सोनाली कुलकर्णी यांनी केली.

गीतरचनेची वैशिष्ट्ये

महानोर यांच्या गीतांत ओवी, लावणी आणि लोकगीत यांच्या चाली मुरलेल्या आहेत. ओळी आखूड असतात आणि नादासाठी शब्दांची आवर्तने येतात. त्यामुळे रचना वाचतानाही गेय वाटते. अमूर्त भाव ते पीक, झाड, पाखरू, आभाळ यांच्याद्वारे व्यक्त करतात. स्त्री-पुरुषांचे आकर्षण आणि मातीची सुफलता यांना एकाच प्रतिमेत बांधणे ही त्यांची खास शैली मानली जाते. त्यांच्या लावण्यांतील शृंगार मोकळा आहे, पण उथळ नाही. हृदयनाथ मंगेशकर यांच्या संगीतात लता मंगेशकर यांनी गायलेल्या त्यांच्या लावणीरचनाही लोकप्रिय झाल्या.

शेती, पाणी आणि विधानपरिषद

१९७८ मध्ये महानोर यांची महाराष्ट्र विधानपरिषदेवर राज्यपालनियुक्त सदस्य म्हणून निवड झाली. कवी म्हणून सभागृहात आलेल्या महानोर यांनी तेथे कोरडवाहू शेती, जलसंधारण, फळबागा आणि ग्रामीण भागातील प्रश्न मांडले. त्यांची सभागृहातील भाषणे 'विधिमंडळातून' या पुस्तकात आहेत. पावसाचे पाणी शिवारातच अडवून मुरवले पाहिजे, ही भूमिका त्यांनी 'शेतीसाठी पाणी' या पुस्तकातही मांडली. शेतीतील कामासाठी त्यांना महाराष्ट्र शासनाचा कृषिभूषण पुरस्कार मिळाला. अजिंठ्याच्या पायथ्याशीच असलेल्या वाकोद (ता. जामनेर) येथील उद्योजक भवरलाल जैन यांच्याशी त्यांचा दीर्घकाळ स्नेह होता. ठिबक सिंचनाचा प्रसार करणाऱ्या जैन यांच्या कामातही पाणी हाच केंद्रस्थानचा विषय होता.

खानदेशातील काव्यपरंपरा

जळगाव परिसराला निसर्गकवितेची मोठी परंपरा आहे. त्र्यंबक बापूजी ठोंबरे ऊर्फ बालकवी (१८९०–१९१८) यांचा जन्म धरणगावचा. असोदे येथे जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांनी शेत आणि घर यांतील अनुभव ओव्यांत बांधले. त्यांची गाणी मरणोत्तर, १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली. बालकवींनी निसर्गाला चैतन्य दिले, बहिणाबाईंनी शेतीच्या कामातून जीवनाचे शहाणपण सांगितले. महानोर यांनी शेतीचा हा अनुभव चित्रपटगीताच्या माध्यमातून सर्वदूर नेला. बहिणाबाईंप्रमाणेच त्यांच्याही शब्दांचे मूळ कष्टाच्या जागी आहे.

निधन

मूत्रपिंडाच्या आजारावर पुणे येथील रुग्णालयात उपचार सुरू असताना ३ ऑगस्ट २०२३ रोजी वयाच्या ८० व्या वर्षी महानोर यांचे निधन झाले. 'अजिंठा'चे दिग्दर्शक नितीन देसाई यांचा मृत्यू आदल्याच दिवशी झाला होता. महानोर यांच्यावर पळसखेडे येथे अंत्यसंस्कार करण्यात आले.

निवडक साहित्य

कवितासंग्रह : रानातल्या कविता, वही, पावसाळी कविता, अजिंठा, प्रार्थना दयाघना, पानझड, तिची कहाणी, गंगा वाहू दे निर्मळ, जगाला प्रेम अर्पावे
कादंबरी : गांधारी
कथा : गपसप, गावातल्या गोष्टी
लोकगीते : पळसखेडची गाणी
अनुभवपर व वैचारिक : या शेताने लळा लाविला, शेतीसाठी पाणी, विधिमंडळातून

गीतलेखन केलेले निवडक चित्रपट

जैत रे जैत (१९७७)
सर्जा (१९८७)
एक होता विदूषक (१९९२)
मुक्ता (१९९४)
दोघी (१९९५)
अजिंठा (२०१२)
यशवंतराव चव्हाण : बखर एका वादळाची (२०१४)

प्रमुख सन्मान

पद्मश्री (१९९१)
साहित्य अकादमी पुरस्कार, 'पानझड'साठी (२०००)
कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा जनस्थान पुरस्कार (२००९)
महाराष्ट्र शासनाचा कृषिभूषण पुरस्कार