विजेच्या लोखंडाची सुरी

मार्च 2025 मध्ये बीड जिल्ह्यातील वडवणी तालुक्यात घराच्या पत्र्यावर आकाशातून दगड पडल्याची बातमी आली, तेव्हा एका मित्राने विचारले, ‘आपल्या देशात कधी कुणी उल्केपासून हत्यार घडवले आहे का?’ घडवले आहे. त्याची नोंद खुद्द बादशहाने करून ठेवली आहे. म्हणून हा थ्रेड.

आकाशातून पडणारे बहुतेक पाषाण दगडीच असतात, लोहउल्का विरळा. अशीच एक 10 एप्रिल 1621 रोजी पंजाबात जालंधर परगण्यात पडली. (त्याच वर्षी शाहजादा खुर्रमच्या फौजांनी दख्खनेत मलिक अंबरची खडकी उद्ध्वस्त केली.) जहांगीर आत्मचरित्रात लिहितो की पहाटे पूर्वेकडून भयंकर आवाज झाला, प्रकाश खाली आला आणि दहाबारा गज जमीन करपली. तेथील आमिल मुहम्मद सईद स्वतः गेला, जमीन खणवली, निघालेला गोळा दरबारी पाठवला. वजन भरले 160 तोळे, म्हणजे सुमारे दोन किलो. गोळा तापलेला निघाला, हे मात्र जपूनच वाचावे. उल्का सहसा इतक्या उष्ण राहत नाहीत.

खरी मौज पुढे आहे. उस्ताद दाऊद या कारागिराला बादशहाने तलवार, खंजीर आणि सुरी घडवण्यास सांगितले. त्याने कळवले की हे लोखंड घणाखाली टिकत नाही, फुटते. गंधकाचा अंश असलेले लोखंड तापवून ठोकले की तडकतेच. तेव्हा तीन भाग ‘विजेचे लोखंड’ आणि एक भाग साधे लोखंड असा मेळ घालून दोन तलवारी, एक खंजीर व एक सुरी सिद्ध झाली. बादशहाने धार पारखून पाहिली, ती उत्तम निघाली.

ती सुरी आज वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात आहे. पात्यावर सोन्याने कोरलेला मजकूर तिचा उगम सांगतो. हा मजकूर नसता, तर ती जुन्या सुऱ्यांच्या ढिगात सहज हरवली असती. तूतनखामेनच्या खंजिराला असा लेख नव्हता. 2016 च्या अभ्यासात त्यात सुमारे 11 टक्के निकेल सापडले, तेव्हा त्याच्या आकाशीय उगमाला बळकटी मिळाली.

संग्रहाची दुसरी बाजू ग्रीनलंडमध्ये दिसते. तेथील इनुइट लोक केप यॉर्कच्या उल्केचे कपचे दगडांनी ठोकून काढत आणि हाडाच्या वा हस्तिदंताच्या मुठीत बसवून सुऱ्या करीत. 1818 मध्ये जॉन रॉसने त्या पाहिल्या. 1897 मध्ये रॉबर्ट पिअरीने 31 टनांचा सर्वांत मोठा तुकडा जहाजावर चढवून न्यूयॉर्कला नेला. पुढे तेथील संग्रहालयाने तो 40,000 डॉलर मोजून विकत घेतला. हे पैसे पिअरी कुटुंबाला मिळाले. ज्यांच्या हत्यारांची ती खाण होती, ते या सौद्यात कुठेच नव्हते.