वज्रदंती, कटिंग चहा आणि लाळ

१९५२ साली केशव विष्णु पेंढरकरांनी परळमध्ये विको कंपनी सुरू केली आणि तिचं 'वज्रदंती' दंतमंजन पुढे घराघरांत पोचलं. वज्रदंती हे कोरांटीचंच दुसरं नाव. पण ऐकणाऱ्याला त्यात वेगळंच आश्वासन ऐकू येतं: वज्रासारखे दात! गंमत म्हणजे दातावरचं इनॅमल आधीच आपल्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे. त्यात वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतं. मग या वज्राला कीड लागते कशी?

याचा छडा बर्लिनमध्ये लागला. तिथे काम करणारे अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर यांनी उपटलेले दात पाव आणि लाळेच्या मिश्रणात ठेवले. दात मऊ पडले. लाळेतलं अमायलेज पावातल्या पिष्टाची साखर करतं, तोंडातले जंतू त्या साखरेचं आम्ल करतात आणि आम्लात खनिज विरघळतं. मिलर यांचं पुस्तक १८९० मध्ये इंग्रजीत आलं.

म्हणजे लाळच वैरी? तसं नाही. १९४० च्या दशकात रॉबर्ट स्टीफन यांनी साखरपाण्याने चूळ भरल्यानंतर दातावरच्या थराचं आम्लपण मोजलं. काही मिनिटांतच पीएच घसरला, आणि मग हळूहळू पुन्हा वर आला. साधारण ५.५ च्या खाली इनॅमल विरघळू लागतं. त्याला वर आणते ती लाळ. तिच्यातलं बायकार्बोनेट आम्ल मारतं, कॅल्शियम आणि फॉस्फेट मऊ पडलेल्या जागी परत बसतात, लायसोझाइमसारखी विकरं जंतूंवर पहारा ठेवतात. पण या दुरुस्तीला वेळ लागतो, अर्धा तास ते तासभर.

आता गिरणगावात या. पहिल्या महायुद्धाच्या काळात चहावाल्या कंपन्यांच्या संघटनेने कारखान्यांत आणि कापडगिरण्यांत चहा रुजवायला सुरुवात केली. स्वस्त, गोड, तरतरी आणणारा. पाळी संपली, गिरण्याही गेल्या, पण दिवसभरात चार-पाच कटिंग मारायची सवय लालबाग-परळात टिकली. स्टीफन यांचा आलेख डोळ्यांसमोर ठेवा: सगळी साखर एकदाच पोटात गेली तर लाळेला सावरायला एक संधी मिळते. तीच साखर तासातासाला घोट घोट घेतली, तर सावरायच्या आतच पुढचा घोट येतो.

आपल्याकडे दातांची काळजी म्हणजे घासणं. मंजन, राखुंडी, काही घरांत तंबाखू भाजून केलेली मिश्री. पण खरखरीत पूड जोरात घासली तर इनॅमल झिजतं, आणि मिश्रीतून तंबाखू थेट हिरड्यांना लागते. इनॅमलमध्ये जिवंत पेशी नसतात. लाळ मऊ झालेला भाग भरू शकते, झिजून गेलेला थर पुन्हा उभा करू शकत नाही.

आणखी एक. झोपेत लाळ अगदी कमी स्रवते. म्हणून सकाळच्या मंजनाइतकंच, किंबहुना जास्त, महत्त्व रात्रीच्या घासण्याला आहे. आणि दोन चहांच्या मधे लाळेला तिचा तासभर द्या. ती फुकटात काम करते.