पडावयाचाच दात

आमच्या वर्धा जिल्ह्यात एखाद्या आईला तिच्या सहा वर्षांच्या मुलाची किडलेली दाढ दाखवून तीवर उपचार करून घेण्यास सांगितले, तर बहुधा एकच उत्तर ऐकू येते : "दुधाचा दात हाय, पडनारच हाय ना, त्याले कायले पैसा लावाचा?" हे उत्तर अडाणीपणाचे आहे असे समजण्याचे कारण नाही. त्यात एक हिशेब आहे, आणि तो वरवर पाहता बिनचूकही आहे. जी वस्तू निसर्ग स्वतःच टाकून देणार, तिच्या डागडुजीचा खर्च शहाण्या माणसाने का करावा? गंमत अशी की, युरोप-अमेरिकेतील शिकलेसवरलेले दंतवैद्यही पिढ्यान्‌पिढ्या हाच हिशेब मांडीत आले. तो कोठे चुकला, आणि चुकला हे मनुष्यजातीच्या ध्यानात कसे आले, एवढेच आम्हांस आज सांगावयाचे आहे.

मुलाच्या तोंडात दुधाचे दात वीस. पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात दिसतो आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत सारे येऊन चुकतात. पुढचे दात सहा-सात वर्षांपासून पडू लागतात, म्हणून आपली समजूत अशी होते की, सगळ्यांचीच पाळी लवकर येणार. पण मागची दुसरी दाढ दहा ते बारा वर्षांपर्यंत पडत नाही. म्हणजे सहा वर्षांच्या मुलाची ती दाढ आज उपटली, तर पुढली चार-पाच वर्षे तेथे नुसते भगदाड राहावयाचे. त्यातच सहाव्या वर्षी तिच्या पाठीमागून जन्माची सोबती असणारी पहिली कायमची दाढ वर येते. पुढे टेकावयास दुधाची दाढ नसली की, ही नवी दाढ पुढे सरकते. एसटीत उठून गेलेल्या माणसाच्या जागेवर शेजारचा सरकतो, त्यातलाच हा प्रकार! मग अकराव्या वर्षी ज्याची ती जागा, तो दात येतो तेव्हा दार बंद. तो आडवातिडवा निघतो, किंवा हाडातच अडकून पडतो.

बरे, उपटावयाचीही नाही आणि उपचारही करावयाचा नाही, असे म्हटले तर? दुधाच्या दाताचे कवच कायमच्या दाताच्या निम्म्याइतकेच जाड, आणि आतला गर, ज्याला आपण 'नस' म्हणतो, तो मानाने मोठा. त्यामुळे कीड आत पोहोचावयास वेळ लागत नाही. गर सडतो, पू मुळांच्या फाट्यातून हाडात उतरतो, हिरडीवर फोड येतो. त्या मुळांच्या कुशीतच पुढच्या कायमच्या दाताचा अंकुर वाढत असतो. पू तेथवर गेला तर वर येणारा नवा दात डागाळलेला, खडबडीत निघू शकतो. दंतवैद्यांच्या भाषेत त्याला टर्नर नावाच्या इंग्रज दंतवैद्यावरून 'टर्नरचा दात' म्हणतात. दुधाच्या दाताचे दुखणे दुधाच्या दाताबरोबर संपत नाही ते असे.

आता थोडे मागे जाऊ. दातात किडा असतो ही कल्पना जगभर होती. आपल्याकडे भुईरिंगणीच्या बियांची धुरी दुखऱ्या दाढेला देण्याची चाल होती. धुरीनंतर किडे पडल्याचे दाखविणारे वैदूही बाजारात असत. युरोपात हाच खेळ खुरासनी ओव्याच्या बियांवर चाले. तापलेल्या बीमधून बाहेर पडणारा अंकुर हुबेहूब अळीसारखा दिसे, आणि दुखणेकरी पैसे देऊन मोकळा होई. परंतु आपल्या वैद्यकाचा सारा इतिहास ह्या धुरीतच विरला असे मानणे अन्यायाचे होईल. सुश्रुताने कृमिदंताचे वर्णन केले आहे ते काळा पडलेला, भोक असलेला, पाझरणारा आणि एकाएकी ठणकणारा दात असेच. आणि उपचार सांगताना हलत नसलेला दात आणि हलणारा दात ह्यांत भेद केला आहे. न हलणाऱ्यावर औषध, हलणारा काढावयाचा. वाग्भटाने तर दाताची पोकळी गूळ किंवा मेण भरून तापल्या सळईने डागावयास सांगितली आहे, आणि सातविण व रुई ह्यांच्या चिकाने ती भरावयासही. आतला सडका भाग जाळा आणि पोकळी बंद करा, हे सूत्र पुढे हजार वर्षांनी निराळ्या हत्यारांनी पुन्हा अवतरले.

1728 साली पॅरिसच्या पिएर फोशार ह्याने दंतवैद्यकावर मोठा ग्रंथ लिहिला. दातातला किडा सूक्ष्मदर्शकातून पाहूनही आपणास आढळला नाही असे त्याने सांगितले. दुखऱ्या पोकळीत तो लवंगेचे तेल घाली. हे तेल ध्यानात ठेवावे, ते पुन्हा येणार आहे. 1838 साली अमेरिकेत एडवर्ड मेनार्ड ह्याने घड्याळाची कमान घासून दाताच्या नळीत शिरणारी बारीक सुई केली. आज दंतवैद्याच्या तबकात रंगीत दांड्यांच्या ज्या सुया दिसतात, त्यांची ती आजी. 1896 च्या जानेवारीत, राँटगेनचा शोध जाहीर होऊन महिना उलटला नाही तोच जर्मनीतील ऑटो वॉल्कहॉफ ह्याने दातांचे क्ष-किरण चित्र घेतले. आतापर्यंत अंधारात चाललेले काम उजेडात आले.

पण हे सारे कायमच्या दातांसाठी. दुधाच्या दातांच्या वाटेस जावयास लोक बिचकत, आणि त्याला सबळ कारण होते. 1925 मध्ये झुरिचच्या हेस आणि झुर्शर ह्यांचा दातांच्या नळ्यांवरील अभ्यास इंग्रजीत आला. त्यात दुधाच्या दाढांचा भाग झुर्शरचा. त्या नळ्या म्हणजे सरळ बोगदे नव्हेत. पसरट, वाकड्या, फाटे फुटलेल्या, एकमेकींस आडव्या धाग्यांनी जोडलेल्या. शिवाय मुळे रोज झिजत असतात. काल जेथे टोक होते तेथे उद्या नसते. अशा नळीत सुई कोठवर घालावयाची? त्यातच 1910 मध्ये विल्यम हंटर ह्या इंग्रज डॉक्टरने मॉन्ट्रियलच्या व्याख्यानात, दुरुस्त केलेल्या दातांखाली पू दडून साऱ्या शरीरात रोग पसरवितो असा हल्ला चढविला. त्याचा रोख होता गलिच्छ कामावर, पण परिणाम झाला तो दातांची सरसकट कत्तल होण्यात. मोठ्यांचे कायमचे दात जेथे वाचेनात, तेथे पोराच्या दुधाच्या दाताची दाद कोण घेणार?

खरी अडचण भरावयाच्या द्रव्याची होती. कायमच्या दाताच्या नळीत मलायातील झाडाचा चीक, गटापर्चा, भरतात. तो विरत नाही, हाच त्याचा गुण. दुधाच्या दातात हाच गुण दोष ठरतो, कारण मूळ झिजत जाईल तसे भरणही विरावयास हवे. नाहीतर ते येणाऱ्या दाताच्या वाटेत खड्यासारखे पडावयाचे. तेव्हा जस्ताची भुकटी आणि लवंगेच्या तेलाचा अर्क कालवून लुकण करू लागले. (फोशारची लवंग परत आली ती अशी.) पण तेही मुळाच्या मानाने सावकाश विरते, त्याचे कण हिरडीत मागे राहतात. त्याच वॉल्कहॉफने आयोडोफॉर्मची पेस्ट पुढे आणली. ती लवकर विरते, कधी कधी तर मुळाच्याही आधी विरून नळी रिकामी करते! पुढे चुन्याचे एक संयुग, कॅल्शियम हायड्रॉक्साइड, त्यात मिसळले गेले, आणि तयार पिचकारीतून नळीत सोडावयाची पेस्ट जपान-कोरियाहून आली. आजही सर्वांस पसंत पडेल असे एकच द्रव्य निघालेले नाही.

1930 साली अमेरिकेतील स्वीट ह्याने दुधाच्या सडलेल्या दातांवरील उपचाराची रीत मांडली, आणि 1953 मध्ये राबिनोविच ह्याने अशा 1363 दाढांचा हिशेब प्रसिद्ध केला. फसलेल्या दाढा अवघ्या सात! पण त्या यशाची किंमतही त्याच हिशेबात आहे. एकेका दाढेसाठी मुलाला सरासरीने पाचांहून अधिक वेळा, आणि मुळाशी पू झाला असेल तर त्याहूनही जास्त वेळा यावे लागे. आम्ही हा आकडा प्रथम वाचला तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे आष्टी-कारंजाकडचा शेतमजूर आला. एका दाढेसाठी सहा दिवसांची मजुरी कोण बुडवील? इलाज ठाऊक असणे निराळे, आणि तो गावापर्यंत पोहोचणे निराळे.

आमच्या जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर आरोग्याची चर्चा येथे जुनी. गांधीजी 1936 मध्ये सेवाग्रामला आले. त्यांचे बोळके हसू साऱ्या जगाने पाहिले. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि नई तालीम निघाली. तीत शरीराची सफाई हा शिक्षणाचाच भाग मानला गेला. 1969 साली डॉ. सुशीला नायर ह्यांनी सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय उभारले. दातांचे शिक्षण मात्र मागे राहिले. नागपूरला सरकारी दंत महाविद्यालय निघाले ते 1968 मध्ये, आणि वर्ध्याला लागून सावंगी मेघे येथे शरद पवार दंत महाविद्यालय 1991 मध्ये. तत्पूर्वी येथील मुलाच्या ठणकत्या दाढेला दोनच वाटा होत्या : लवंग, नाहीतर चिमटा.

आम्हीही त्या चिमट्याच्या वाटेने गेलो आहोत. सातव्या वर्षी आमची खालची दाढ एका गृहस्थांनी उपटली. पाठीवर थाप मारली आणि 'नवी येईल' म्हणाले. नवी आली, पण जिभेच्या बाजूला, रांग सोडून. ती अजून तशीच आहे, आणि ज्वारीची कणी तेथे न चुकता अडकते. त्या गृहस्थांस आम्ही दोष देत नाही. त्यांच्यापाशी दुसरा इलाजच नव्हता.

आज सावंगीच्या बालदंत विभागात हे काम नित्याचे आहे, आणि दुधाच्या दातांच्या नळ्या कोणत्या सुयांनी चांगल्या साफ होतात ह्यावर तेथून अभ्यासही प्रसिद्ध होतात. सन 2000 च्या सुमारास निकेल-टायटॅनियमच्या लवचीक, यंत्राने फिरणाऱ्या सुया दुधाच्या दातांत वापरण्यास आरंभ झाला. पुढे चेन्नईच्या बालदंतवैद्यांनी खास मुलांसाठी आखूड सुया काढल्या, त्यांचे नाव केडो-एस. हिरडी बधिर करावयाची, सडका गर काढावयाचा, नळ्या धुऊन कोरड्या करावयाच्या, पेस्ट भरावयाची आणि वर पोलादी टोपी बसवावयाची. पू फार नसेल तर पुष्कळदा हे सारे एका बैठकीत उरकते. सहा खेपांची एक खेप झाली, ही आमच्या मते ह्या इतिहासातील सर्वांत मोठी घटना. मात्र मूळच झिजून गेले असेल, हाड फार खचले असेल किंवा मुलाला हृदयाचा काही आजार असेल, तर दात काढणेच बरे. तेव्हा मोकळी जागा राखण्यासाठी तारेची चौकट बसवितात. सुश्रुताचा हलता आणि न हलता दात येथे पुन्हा आठवतो.

राहता राहिला तो पैशाचा आणि पत्त्याचा प्रश्न. 2013 च्या फेब्रुवारीत पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात अंगणवाडी आणि शाळेतील मुलांची तपासणी होते, आणि तपासावयाच्या आजारांच्या यादीत दातांचा समावेश आहे. हे चांगले झाले. परंतु तपासणीचा कागद हाती पडला तरी मुलाला घेऊन वर्ध्याला यावे लागते, आणि हंगाम असला तर तो कागद घरच्या फळीवर पडून राहतो. फोड फुटला की ठणका थांबतो. आईला वाटते, बरे झाले. खरे म्हणजे तेव्हाच निघावयाचे असते, कारण फुटलेला फोड म्हणजे पुवाला सापडलेली वाट. पू आतच असतो.

आमच्या घरातील एका मुलीच्या अशाच दाढेवर सहाव्या वर्षी टोपी बसविली. अकराव्या वर्षी ती दाढ टोपीसकट तिच्या हातात आली. पडलेला दात कौलावर फेकावयाचा ही आपली रीत. पण पोलादाची टोपी पाहून पोरगी अडली, आणि टोपी काढून फेकू की तशीच, असे आजीला विचारू लागली. आजीने दाढ हातात घेऊन उजेडात नीट न्याहाळली आणि म्हणाली, "आंदी तोंड उघड, खालून नवी आली का पाहू दे."