आधी गाव, मग गट नंबर

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या वाड्या-तांडे रिकामे होऊ लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली नवरा-बायकोची जोडी म्हणजे हिशेबात ‘एक कोयता’. असे हजारो कोयते पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या उसाच्या फडांवर जातात. जमीन मात्र गावाकडेच असते. तिचा सातबारा लागला की पूर्वी कुणाला तरी मजुरी बुडवून तलाठ्याकडे परतावे लागे. आता फडातच, कोपीसमोर बसून मोबाइलवर विभाग, जिल्हा, तालुका, गाव अशी एकेक निवड करायची आणि शेवटी गट नंबर टाकायचा, की उतारा समोर येतो. 1 मे 2018 पासून तर डिजिटल स्वाक्षरीचा सातबाराही मिळू लागला.

शोधाच्या या साध्या फॉर्ममध्ये दोन वेगळी घराणी नांदतात. वरच्या निवडीच्या याद्या एका कुळातल्या, खालचा रिकामा चौकोन दुसऱ्या.

याद्यांचे कूळ जमाखर्चाच्या वहीत सापडते. कीर्द म्हणजे रोजचा व्यवहार ज्या क्रमाने घडला त्या क्रमाने लिहायची वही. पण अमक्याकडे किती येणे आहे हे कीर्दीतून शोधायचे तर सगळी पाने चाळावी लागतात. म्हणून खतावणी निघाली: त्याच नोंदी खातेवार लावलेल्या. नवीन माहिती एका अक्षराची नाही, फक्त लावण्याची रीत बदलली आणि शोध सोपा झाला. कॉम्प्युटरवाले ज्याला ‘इंडेक्स’ म्हणतात तो याच जातीचा.

इंग्रजी अमलात मुंबई इलाख्याच्या गावदप्तराला 1 ते 21 असे नमुन्यांचे क्रमांक मिळाले. त्यातला नमुना 6 ही फेरफारांची वही. खरेदी, वाटणी, वारस, जे जसे घडेल तसे अनुक्रमांकाने लिहायचे. म्हणजे कीर्दच. नमुना 7 मध्ये तोच फेरफार जमिनीच्या नंबराखाली जातो आणि नमुना 8-अ मध्ये खातेदाराच्या नावाखाली. नमुना 12 पिकांचा. 7 आणि 12 एका कागदावर आले आणि ‘सातबारा’ हा शब्द मराठीत रूढ झाला. फॉर्मवर आज ‘7/12’ की ‘8-अ’ असा पर्याय येतो तेव्हा आपण खरे तर जमिनीवरून शोधायचे की माणसावरून, एवढेच ठरवत असतो.

बीडला ही वाट वळसा घेऊन आली. जिल्हा निजामाच्या राज्यात. वरचा कारभार उर्दूत, जुने कागद कुठे उर्दू तर कुठे मोडी. सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले, आणि 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. मधल्या काळातले 1954-55 चे खासरा पत्रक आजही जमिनीच्या वादात काढून आणावे लागते. पुढे जमिनींच्या एकत्रीकरणात अनेक गावांतले सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजोबांच्या कागदावर सर्व्हे नंबर आणि फॉर्म विचारतो गट नंबर, ही अडचण तिथून आली.

याद्यांच्या याच कुळातल्या वर्गवारीला ग्रंथालयात शास्त्राचे रूप देणाऱ्यांत शि. रा. रंगनाथन होते. लंडनच्या दुकानात त्यांनी मेकॅनोचे खेळणे पाहिले: थोड्याच पट्ट्या-स्क्रू, पण जोडणी बदलली की नवी वस्तू. पुस्तकाला एकाच कप्प्यात कोंबण्याऐवजी त्याचे अनेक पैलू वेगवेगळे नोंदवून ते जोडायचे, ही त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती 1933 मध्ये प्रसिद्ध झाली. खरेदीच्या साइटवर रंग, किंमत, माप अशा खुणा एकामागोमाग लावतो त्यामागचा विचार हाच आहे. अंबाजोगाईत जपलेली दासोपंतांची पासोडी आठवली की मला हा विचार आपल्या मातीत परका वाटत नाही. सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर सोळाव्या-सतराव्या शतकातल्या त्या संतकवीने पंचीकरण तक्त्यासारखे मांडले. पाच महाभूते, प्रत्येकाचे पुन्हा पाच भाग. पासोडीतून सर्च फॉर्म निघाला असे मी म्हणत नाही. पण गुंतागुंतीचा विषय कप्प्यांत मांडून लोकांपुढे पसरण्याची ओढ बीडमध्ये फार जुनी आहे.

रिकाम्या चौकोनाचे कूळ त्या मानाने तरुण. 1950 च्या दशकाच्या अखेरीस आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी लेखांच्या शीर्षकांतले महत्त्वाचे शब्द यंत्राकडून वेचून त्यांची सूची बनवली. ‘कीवर्ड’ला तिथून बळ आले. वेबपानावर यादी आणि चौकोन शेजारी बसवण्याची सोय नोव्हेंबर 1995 च्या एचटीएमएल 2.0 या प्रमाणकात लिहिली गेली.

हा चौकोनच आपल्याकडे दगा देतो. यादीत ‘अंबाजोगाई’ निवडले की यंत्राला तालुक्याचा सांकेतिक क्रमांक मिळतो, शुद्धलेखनाचा प्रश्नच येत नाही. चौकोनात टाकलेले खातेदाराचे नाव मात्र अक्षरांनी जुळवावे लागते. दप्तरी ‘सिताबाई’ असेल आणि नातवाने ‘सीताबाई’ लिहिले, तर नुसती अक्षरे ताडून पाहणारे यंत्र रिकाम्या हाताने परत येते. ‘विठल’ आणि ‘विठ्ठल’ त्याला दोन माणसे. ‘गोऱ्हे’मधला ऱ्ह तर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, डोळ्यांना एकच दिसतो, यंत्राला वेगळा. उपाय माहीत आहेत: साठवताना आणि शोधताना अक्षरे एका साच्यात आणायची, ऱ्हस्व-दीर्घ सोडून जुळणी करायची, नावाची पहिली दोन-तीन अक्षरे पुरेशी मानायची. हे काम ऐच्छिक समजणे मला अन्यायाचे वाटते. ‘माहिती आढळली नाही’ एवढेच वाचलेल्या म्हाताऱ्या बाईला आपली जमीनच गेली असे वाटू शकते. त्या ओळीखाली ‘नावाऐवजी गट नंबर टाकून पाहा’ एवढे लिहायला कष्ट पडत नाहीत.

म्हणून फॉर्म बनवणाऱ्या तरुणांना माझे सांगणे आहे: कोड लिहिण्याआधी एक दिवस तलाठ्याच्या सज्जावर जाऊन बसा आणि लोक काय विचारत येतात ते ऐका. ‘माझं रान सापडतंय का बघा’ म्हणणाऱ्याला काय आठवते आणि काय आठवत नाही, त्यावरून कोणती यादी वर ठेवायची, कोणता रकाना सक्तीचा करायचा नाही, हे ठरवा.

आणि फडावर निघालेल्यांनी ट्रॅक्टरमध्ये बिऱ्हाड चढवण्याआधी गावाचे नाव, गट नंबर आणि 8-अ चा खाते क्रमांक मोबाइलमध्ये लिहून ठेवावा, आणि घरात मागे राहणाऱ्या म्हाताऱ्यांजवळही एका कागदावर देऊन ठेवावा.