तळटीप : घोणस
१. मूळ मजकुरातील ‘घोणस’. औराद, भालकी, आळंद या पूर्वी निजामी अमलातील तालुक्यांच्या शेतकऱ्यांस परिचित अशा या सर्पाचे विष रक्तातील पाचव्या व दहाव्या घटकांस चेतवून गोठणास आवश्यक असे तंतुजनक प्रथिन इतक्या त्वरेने खर्ची घालते, की अखेर हिरड्यांतून वाहणारे रक्तही गोठत नाही. आणि तरीही याच विषाचे अतिविरल द्रावण लंडनच्या रॉबर्ट मॅक्फर्लेन यांनी १९३४ साली बार्नेट यांच्या सहकार्याने हिमोफिलियाग्रस्तांच्या जखमांवर रक्तस्तंभक म्हणून उपयोजिले, ही वैद्यकातील खरोखर विलक्षण घटना होय. दंशानंतर कोरड्या, स्वच्छ काचनळीत घेतलेले ताजे रक्त २० मिनिटे न हलविता ठेवण्याची परीक्षा खेड्यातील दवाखान्यातही होऊ शकते; ते द्रवच राहिल्यास प्रतिविषास विलंब लावू नये.