खोपोली : गाडी गेली, वीज आली

मुंबईच्या कापडगिरण्यांचा इतिहास गिरणगावापुरता सांगितला जातो. त्याचे दुसरे टोक बोरघाटाच्या पायथ्याशी, खालापूर तालुक्यातील खोपोलीत आहे.

१२ मे १८५६ रोजी आगगाडी खोपोलीस पोहोचली आणि तेथेच थांबली. पुढे सह्याद्री उभा होता. १८५८ मध्ये खंडाळा-पुणे मार्ग सुरू झाला, तरी मधला घाट प्रवाशांना पालखीतून, तट्टावरून किंवा पायीच ओलांडावा लागे.

१८६३ मध्ये घाटातला लोहमार्ग पूर्ण झाला, पण तो कर्जतमार्गे. खोपोली बाजूला पडली. पळसदरीचा फाटा तेवढा उरला. आजची कर्जत-खोपोली लोकल त्याच मार्गाने येते.

गाडी अडवणाऱ्या त्याच कड्याकडे जमशेटजी टाटा वेगळ्या दृष्टीने पाहत होते. गिरण्या कोळशावर चालत, आणि तो दूर बंगालकडून आणावा लागे. इथे तर लोणावळ्याच्या पठारावर चार महिने मुसळधार पाऊस आणि खाली ५०० मीटरहून अधिक खोल उतार!

जमशेटजी १९०४ मध्ये निवर्तले. दोराबजींनी योजना तडीस नेली : १९१० मध्ये कंपनी स्थापन झाली, १९११ मध्ये धरणाची कोनशिला बसली. लोणावळा, वळवण येथे अडवलेले पाणी कालव्यांनी कड्यापर्यंत आणायचे, मग पोलादी नळांतून थेट खोपोलीच्या जनित्रांवर सोडायचे, असा तो बेत. फेब्रुवारी १९१५ मध्ये गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते वीजपुरवठ्याचा प्रारंभ झाला. तारा परळपर्यंत गेल्या होत्या. खोपोलीचे केंद्र आजही चालू आहे.

पुढे कर्जत तालुक्यात भिवपुरी (१९२२) आणि त्यानंतर भिरा ही केंद्रे उभी राहिली. भिऱ्यासाठी मुळशीचे खोरे बुडणार होते. १९२१ मध्ये तेथील शेतकऱ्यांनी सत्याग्रह पुकारला. सेनापती बापटांनी तुरुंगवास पत्करला, पण धरण झालेच. विजेच्या गौरवगाथेत हे पान बहुधा गाळले जाते.

पाण्याचा हिशेबही सरळ नाही. हे मूळचे इंद्रायणीच्या खोऱ्यातले पाणी. देहू-आळंदीवरून भीमेत, तिथून कृष्णेत आणि अखेर बंगालच्या उपसागरात जाणारे. त्याला पश्चिमेकडे वळवावे किती, हा वाद कृष्णा पाणीवाटप लवादापर्यंत गेला.

खोपोलीत जनित्रे फिरवून ते पाताळगंगेत उतरते. म्हणूनच पावसाळी असलेली ही नदी भर उन्हाळ्यातही वाहते आणि रसायनीपर्यंतचे कारखाने तिच्यावर चालतात.